लॅपटॉपवर २२ श्रुतींची पेटी केली, सूर लागतोय पण नुसती कडकड करायलीय, काय करू?

खानापूर_पखवाज

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो, आणि दोनेक वर्षं झाली लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करायचा नाद लागलाय. प्रश्न जरा लांबडा आहे, पूर्ण वाचा तेवढं.

आमचे बुवा काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून) मधे गातात आणि पेटीची साथ घेतली की म्हणतात तुझा गंधार टोचतोय रे. खरंच आहे ते, पेटीचा शुद्ध ग ४०० सेंटवर (सप्तकाचे १२०० भाग, त्यातला एक म्हणजे सेंट) आणि तानपुऱ्यातनं जो आपोआप ऐकू येतोय तो ३८६ वर, १४ सेंटचा फरक, एकदा कानाला कळला की मग सुटत नाही. म्हणून म्हटलं २२ श्रुतींची (श्रुती म्हणजे सप्तकातल्या सुरांच्या बारीक जागा) पेटी लॅपटॉपमधेच करून सोडू. रीपर आहे (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर), सर्ज एक्सटी आहे (सिंथ, म्हणजे आवाज तयार करणारं सॉफ्टवेअर, फुकट मिळतंय म्हणून). तर मी काय केलं, पिच बेंड (चाकानं सूर वरखाली सरकवणं) दिला की त्या चॅनलवरच्या सगळ्याच सुरांना लागतोय, मग एकाच चॅनलवर ग एवढा आणि नी तेवढा कसा उतरवणार, म्हणून सरळ २२ ट्रॅक केले, प्रत्येकावर सर्जची एक कॉपी, प्रत्येकीचा पिच मोजून वरखाली करून ठेवला, आणि प्रत्येक ट्रॅकवर देवळाच्या गाभाऱ्यासारखा रिव्हर्ब (घुमणारा आवाज), कन्व्होल्युशनवाला, म्हणजे खऱ्या जागेच्या नमुन्यावरनं घुमवणारा. कुठली पट्टी कुठल्या ट्रॅकला जायची त्याचे फिल्टर वेगळे. वर एक सिंथचा तानपुरा. चार रात्री गेल्या ह्यात.

वाजतंय ओ, सूर तर असे लागायलेत की अंगावर काटा येतोय. पण दोन पट्ट्या दाबून धरल्या की कड कड कड, तेलात मोहरी टाकल्यागत, आणि मधेच आवाज तुटतोय. टास्क मॅनेजर बघितला तर सीपीयू ३५ टक्केच दाखवायलाय. मग रीपर ओव्हरलोड का म्हणतोय? आठव्या पिढीचा आय-फाईव्ह आहे, ८ जीबी रॅम, दोन चॅनलचा यूएसबी इंटरफेस, बफर (एका घासात तयार होणारे आवाजाचे सँपल) १२८, सँपल रेट (सेकंदाला किती सँपल) ४८ हजार. दिवसा जरा बरं असतंय, रात्री जास्त होतंय, ते का तेही कळेना. एका कॉम्प्युटरवाल्याला विचारलं तर म्हणाला नवीन घ्या. तेवढे पैसे असते तर खरीच पेटी बनवून घेतली असती की.

निपाणी_बीट्स

भावा बफर १०२४ कर, विषय संपला 😄

खानापूर_पखवाज

केलं ना आधीच. कडकड कमी झाली पण पट्टी दाबली की आवाज नंतर येतोय, म्हणजे मी सम गाठली की पेटी अजून वाटेत. पखवाजवाल्याला एवढा उशीर लगेच कळतोय भावा.

टिळकवाडी_मिक्स

बरोबर आहे, १०२४ म्हणजे ४८ हजारावर २१ मिलिसेकंद, ते फक्त बाहेर पडताना, इंटरफेसचा उशीर वेगळाच. मिक्स करताना १०२४ ठेव, वाजवताना नको.

आता टास्क मॅनेजरचं. तो सेकंदभराची सरासरी दाखवतो आणि तीही सगळ्या कोअरची मिळून. ऑडिओला सरासरीशी काही देणंघेणं नसतं. १२८ चा बफर म्हणजे २.६७ मिलिसेकंद, तेवढ्यात पुढचा घास तयार पाहिजे, एकदा जरी चुकला की कड. बाकीचा वेळ सीपीयू माशा मारत बसला असला तरी त्याचा उपयोग नाही. एसटी स्टँडवर आठ गाड्या उभ्या आहेत पण तुझी पाचची गाडी पाच दहाला आली तर गाड्या किती होत्या हे सांगून काय फायदा, तसं. रीपरमधे व्ह्यू मेनूत परफॉर्मन्स मीटर आहे, त्यातला आरटी सीपीयूचा (आवाज वेळेत द्यायला लागणाऱ्या सीपीयूचा) आकडा बघ, तो खरा.

आणि मला वाटतं तुझा मोठा घोटाळा दुसरीकडेच आहे. रीपर जे ट्रॅक नुसते प्लेबॅक होतात त्यांचं गणित थोडं पुढचं आधीच करून ठेवतो, म्हणून एरवी तो एवढा हलका चालतो. पण रेकॉर्डचं लाल बटण दाबून मॉनिटरिंग (वाजवतानाच ऐकणं) चालू केलेल्या ट्रॅकला हे करता येत नाही, तू पुढची पट्टी कुठली दाबणार हे त्याला काय माहीत. तुझे तर बावीसच्या बावीस लाल असणार, कारण कुठलीही श्रुती कधीही लागणार. म्हणजे २२ सिंथ आणि २२ कन्व्होल्युशन सगळं त्या २.६७ मिलिसेकंदात, सूर वाजो न वाजो. ह्यात मोठमोठी मशीनपण रडतील.

सूर हलवायला सीपीयू जवळजवळ काहीच लागत नाही हे लक्षात घे. १२८ मिडी पट्ट्यांचा (कीबोर्ड सिंथला पाठवतो त्या पट्टीच्या नंबरांचा) एक तक्ता असतो, पट्टी दाबली की सिंथ तक्त्यातला आकडा उचलतो, बस. खर्च तू केलेल्या २१ जादा कॉप्यांचा आहे, श्रुतींचा नाही. सर्ज स्काला फाईल (सुरांच्या जागा लिहिलेली साधी फाईल) घेतो. डॉट एससीएल फाईल नोटपॅडमधे लिही, सर्जच्या खिडकीत ओढून टाक, एका कॉपीत सगळं. रिव्हर्ब एकच, वेगळ्या ट्रॅकवर, पेटीतनं सेंड दे, म्हणजे थोडा आवाज तिकडं पाठव. गाभारा एकच असतो की रे, प्रत्येक सुराला वेगळा गाभारा कशाला.

खानापूर_पखवाज

आईशप्पथ, सगळे लालच आहेत 🤦 पण सर, सप्तकात पट्ट्या १२ आणि श्रुती २२, एका फाईलीत घातल्या तर सा पासून सा पर्यंत २२ पट्ट्या होणार, मग बोटं कशी टाकायची? म्हणूनच तर मी हा उपद्व्याप केलावता.

शहापूर_पेटीवाले

मी पेटी वाजवणारा माणूस, कॉम्प्युटरातलं मला नातू सांगेल तेवढंच कळतं. पण हा प्रश्न पेटीचा आहे म्हणून लिहितो.

बाळ, एका वेळी २२ लागतात कुणाला? सा आणि प अचल. उरलेल्या दहा स्वरांच्या दोन दोन जागा, म्हणून वीस अधिक दोन. एका रागात त्या दोनातली एकच लागते. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी २२ श्रुतींची पेटी केली तिच्यातही पट्ट्या नेहमीसारख्याच आहेत, खाली खुंट्या ओढून प्रत्येक स्वराची जागा राग सुरू व्हायच्या आधी ठरवायची. त्याही आधी, शंभरएक वर्षांपूर्वी, सांगलीचे देवल आणि क्लेमंट्स साहेब ह्यांनी श्रुती हार्मोनियमचा घाट घातला होता, तेव्हापासून ही खटपट चालू आहे, तू काही पहिला नाहीस. आकाशवाणीवर १९४० ते १९७१ पेटीला बंदी होती तिच्यामागेही हेच टोचणं होतं. तरी पेटीवादक विजापुरे मास्तरांच्या बेळगावात बसून मी पेटीला नावं ठेवणार नाही, हात चांगला असेल तर तीच पेटी गाते.

तेव्हा रागाची एक फाईल कर, बारा स्वरांची. भैरवाची वेगळी, मारव्याची वेगळी, तोडीला गंधार उतरलेला घे. राग बदलला की फाईल बदल. अभंगाला तर दोन-तीन फाईलीत वर्ष निघेल. भैरवाचा रे नेमका कुठे, ह्यावर मात्र इथे कुणी भांडू नका, त्याला आंदोलन आहे, तो एका जागी बसतच नाही.

टिळकवाडी_मिक्स

काका एकदम बरोबर. नमस्कार. म्हणजे साधारण अशी फाईल होईल, वर नाव, मग १२ आकडा, मग एका ओळीत एक: १६/१५, ९/८, ६/५, ५/४, ४/३, ४५/३२, ३/२, ८/५, ५/३, ९/५, १५/८, शेवटी २/१. सा लिहायचा नाही, तो धरलेलाच असतो. फाईलीत आकडे इंग्रजीतच टाक, मराठी टाकलेस तर ती वाचणार नाही.

खानापूर_पखवाज

रात्री बसलो. पहिल्यांदा काय झालं ते सांगतो, हसू नका. मला सेंटची सवय म्हणून ५/४ च्या जागी ३८६ लिहिलं, बाकीचे पण तसेच. फाईल लोड झाली, एरर नाही काही नाही, आणि ग दाबला तर अशी शिट्टी वाजली की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. दुसऱ्या खेपेला सगळे अपूर्णांक लिहिले तर शिट्टी गेली, पण बुवांच्या काळी एक वरनं वाजवलं तर साध्या पेटीपेक्षा बेसूर!!

टिळकवाडी_मिक्स

😂 सेंट लिहायचे तर टिंब पाहिजेच, ३८६.० असं. टिंब नसेल तर तो त्याला गुणोत्तर समजतो, म्हणजे सा च्या ३८६ पट. म्हैस शहाणी आहे.

दुसरं म्हणजे काही सांगितलं नाही तर तो पांढरी एक ला सा धरतो. तुझा सा काळी एक, म्हणजे सगळी गुणोत्तरं एक घर सरकली. त्याला कीबोर्ड मॅपिंगची फाईल लागते, डॉट केबीएम. त्यात सा ची पट्टी ६१ आणि तिचीच फ्रिक्वेन्सी २७७.१८ हर्ट्झ एवढं टाक. बुवांचा घसा बसला आणि पांढरी एक मधे उतरले तर ६० आणि २६१.६३.

चिकोडी_सतार

मधे बोलते, माफ करा. त्या रात्रीच्या कडकडीचं कुणी बघितलंच नाही. रात्री लाईट जाते काय तुमच्याकडं? आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवता काय? चार्जर काढला की विंडोज सीपीयूचा वेग उतरवतो, गेल्या पावसाळ्यात मला ह्यानं महिनाभर पिडलंय, मी उगाच इंटरफेसची केबल बदलत बसलेली. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सला टाका आणि रेकॉर्डिंगला लॅपटॉप इन्व्हर्टरवर घ्या. गादीवर ठेवू नका, खालची जाळी बुजली की तापतोय आणि तापला की आपण होऊन हळू होतोय. एवढं करून परफॉर्मन्स मीटर खाली आणि तरी मधेच एखादी कड आली, तर लॅटन्सीमॉन नावाचं, कुठला ड्रायव्हर ऑडिओ अडवतोय ते दाखवणारं फुकटचं सॉफ्टवेअर चालवून बघा, माझ्यात वायफायचा ड्रायव्हर नडायलावता. रेकॉर्डिंगला वायफाय बंद.

आणि सिंथचा तानपुरा कशाला ओ. तो काय जागचा हलत नाही, दहा मिनिटं रेंडर करून ऑडिओ ट्रॅक करून टाका, सीपीयूला भारच नाही. त्याहून बरं म्हणजे मिरजेचा खरा तानपुरा कुणाकडं असेल तर एकदा नीट लावून रेकॉर्ड करून ठेवा. जवारीतनं (तारेच्या झणझणीतनं) जो गंधार येतो तो तुमच्या ५/४ शी जुळतोय का ते पण तिथंच कळेल.

निपाणी_बीट्स

म्हणजे बफर १०२४ चं उत्तर चुकलंच म्हणायचं माझं 😅

खानापूर_पखवाज

ताई, गादीवरच होता 🙏 आणि दिवसा पत्र्यावर पाऊस एवढा की रेकॉर्डिंग करता येत नाही, म्हणून रात्री बसतो, आणि रात्रीच लाईट जातेय. दोन्ही तिथंच जुळलं.

तर आता असं आहे. सर्जची एक कॉपी, रिव्हर्ब एक, तानपुरा रेंडर केलेला, लाल बटण एकाच ट्रॅकला, लॅपटॉप लाकडी पाटावर आणि इन्व्हर्टरवर. बफर परत १२८ वर आणलाय, दोन्ही हातांनी जेवढ्या पट्ट्या दाबता येतील तेवढ्या दाबून बघितल्या, कड नाही. एकदाच तुटला, तेव्हा रिलीज (पट्टी सोडल्यावर सूर मरायला लागणारा वेळ) फार लांब ठेवलावता, जुने सूर मरेपर्यंत नवीन चढायलेले, तो कमी केला. २२ ट्रॅकचं जुनं प्रोजेक्ट मात्र पुसवत नाही, चार रात्री आहेत त्यात.

काल बुवांना हेडफोन लावून ऐकवलं. गंधारावर मान हलवली, काही बोलले नाहीत, म्हणजे पास. पण आता म्हणतात रे ला जरा आंदोलन दे की, हा खांबासारखा उभा आहे. ते कसं करू? परत पिच बेंड? परत २२ ट्रॅक नको हं.

शहापूर_पेटीवाले

सांगितलं होतं ना, तो एका जागी बसत नाही.

टिळकवाडी_मिक्स

नाही नाही, दोनच. बुवांच्या मागे धरलेले सूर ह्या कॉपीत राहू देत. आंदोलन, मींड (एका सुरावरनं दुसऱ्यावर घसरत जाणं) असलेली एकेरी ओळ दुसऱ्या कॉपीत, मोनो करून, तीच एससीएल आणि तीच केबीएम. एका वेळी एकच सूर वाजणार म्हणजे पिच बेंड सगळ्यांना लागायची भीतीच नाही. बेंडची रेंज दोन स्वरांएवढीच ठेव, हात कमी घसरतो. पण चाकानं आंदोलन शिकायला चार रात्री पुरायच्या नाहीत, तेवढं आधीच सांगून ठेवतो.

खानापूर_पखवाज

चालतंय सर. पावसाळा अजून दोन महिने आहेच की.