लेक ४६ किलोची: आयएलसीए ४ च ठेवू की ६ वर जाऊ देऊ?

चेंबूरची_आई

नमस्कार. माझी लेक साडेचौदा वर्षांची आहे, उंची पाच फूट तीन इंच, वजन ४६ किलो. तीन हंगाम ऑप्टिमिस्ट, म्हणजे लहान मुलांची शिडाची होडी, चालवली. गुडघे हनुवटीला टेकायला लागले तेव्हा दिवाळीनंतर मोठ्या होडीवर आली. क्लबाने तिला आयएलसीए ४ दिली आहे, म्हणजे एकट्याने चालवायची होडी, तिच्या ४, ६, ७ या तीन शिडांपैकी सर्वांत लहान शिडाची. तिच्या बरोबरीच्या दोघी ६ वर गेल्या, त्यामुळे हिलाही तीच हवी आहे. "४ म्हणजे लहान मुलांचं शीड," असं ती म्हणते.

गेल्या रविवारी गेटवेसमोर शर्यती होत्या. सकाळच्या मंद वाऱ्यात ही पुढे होती. दुपारी वायव्येचा वारा सुटला. वाऱ्याविरुद्ध वर जाताना तिसरी-चौथी होती, पण वरच्या बोयाला वळसा घालून वाऱ्याच्या दिशेने खाली वळली आणि होडी आडवी. पुढच्या शर्यतीत पुन्हा तेच, त्याच जागी. किनाऱ्यावर आली तेव्हा तळहात सोलवटलेले होते.

प्रशिक्षक म्हणाले, वजन कमी पडतंय, खाऊ घाला. तेव्हापासून घरात तूप, केळी, शेंगदाण्याचे लाडू चालू आहे. काल ती ताटावर बसून रडली. मला शिडाचं काही कळत नाही, पण भूक नसलेल्या मुलीला भरवणं मला पटत नाही. खरंच वजनाचंच कारण आहे का? आणि जुनी होडी घ्यायची झाली तर काय बघू?

वायव्य_वारा

४६ म्हणजे अगदीच हलकी नाही. वाढतं वय आहे, वर्षभरात पन्नाशी गाठेल. माझं मत, ६ ची चव तिला आताच घेऊ द्या, पण शर्यतीत नको. भांगाच्या दिवसांत, म्हणजे ओढ कमी असताना, सकाळी आठच्या वाऱ्यात. उधाणाच्या ओहोटीला नवं शीड घेऊन बाहेर पाठवू नका. उलटली तर सरळ करेपर्यंत कुठल्या कुठे वाहत जाईल.

दोनापावला_५३

ताई, आधी ते लाडू थांबवा.

नावातला ५३ हा माझ्या वजनाचा आकडा आहे. नऊ हंगाम मी रेडियल चालवली, म्हणजे आताची ६, आणि "अजून पाच किलो हवेत" हे वाक्य मी पहिल्या दिवसापासून ऐकत आले. एका हंगामात खरंच सहा किलो वाढवले. पोट वाढलं, मांड्यांत ताकद आली नाही, आणि होडीबाहेर लवून बसायला लागते ती मांड्यांची ताकद. फुकट गेलं ते वर्ष.

या होडीला तीन शिडं आहेत ती नेमकी याचसाठी. होडीचं अंग एकच, ४.२ मीटर लांब आणि ५९ किलोचं. बूम (शिडाच्या तळाची आडवी काठी) तोच, सुकाणू तेच, डोलकाठीचा वरचा तुकडासुद्धा तोच. बदलतो तो खालचा तुकडा आणि शीड. ७ चं शीड सात चौरस मीटरच्या किंचित वर, ६ चं सुमारे ५.७, ४ चं ४.७. साधारण ३५ ते ५५ किलोला ४, ५५ ते ७० ला ६, त्यापुढे ७ असं धरतात. तुमची लेक ४ च्या पट्ट्यात अगदी मधोमध आहे. शीड माणसाच्या मापाचं घ्यायचं, माणसाला शिडाच्या मापाचं करायचं नाही.

आणि लहान मुलांचं शीड म्हणे! तिला सांगा, २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत नेहा ठाकूरने मुलींच्या आयएलसीए ४ मध्येच रौप्य जिंकलं. नेत्रा कुमानन टोकियोला गेली ती रेडियलवर. ऑलिंपिकला पात्र ठरलेली ती भारताची पहिली महिला शिडपटू. तिथवर जायचा रस्ता या छोट्या शिडावरूनही जातो.

आता ते उलटणं. दोन्ही वेळा एकाच जागी, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. वजनाचा प्रश्न असता तर वाऱ्याविरुद्ध चढतानाच ती मागे पडली असती. तिथे ती तिसरी-चौथी होती! मला खात्रीने वाटतं, तिचा व्हँग सैल करायचा राहतोय.

व्हँग म्हणजे बूमला खाली धरून ठेवणारी दोरी. हलकी मुलं जोराच्या वाऱ्यात ती गच्च ओढतात, आणि ते बरोबरच आहे. व्हँग गच्च असला की मेनशीट (शीड आत-बाहेर करायची हातातली दोरी) सोडल्यावर बूम वर न उचलता नुसता बाजूला जातो, डोलकाठी वाकलेली राहते, शीड सपाट होतं आणि झोताचा जोर निघून जातो. हलक्या माणसाचं सगळं बळ त्या दोरीत असतं. पण बोयाला वळसा घालून वाऱ्यापासून खाली वळताना तीच दोरी दावा साधते. बूम बाहेर जातो, होडी जराशी कलते आणि खाली धरलेल्या बूमचं टोक पाण्याला टेकतं. आता शीड आणखी सोडता येत नाही. होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वळत नाही. शिडात वारा भरलेलाच राहतो आणि होडी आडवी होते. यात ४६ किलोचा दोष कुठे आहे?

उपाय असा. बोया दोन-तीन होड्यांच्या अंतरावर आला की लवून बसताना पाय अडकवतात त्या पट्ट्यातून पाय न सोडता व्हँगची दोरी वर उपटायची. क्लीटमधून, म्हणजे दोरी पकडून ठेवणाऱ्या चिमट्यातून, सुटताना ‘टक्’ असा आवाज येतो. तो आवाज ऐकल्याशिवाय सुकाणू हलवायचं नाही. किती सोडायची यासाठी दोरीवर पक्क्या शाईच्या पेनने खूण करा, म्हणजे घाईत अंदाज बांधायला नको. मी हे किनाऱ्यावर, ट्रॉलीवर ठेवलेल्या होडीत बसून डोळे मिटून शंभर-शंभर वेळा केलंय.

चढतानाचं एकच सांगते. झोत येतो तेव्हा पाण्यावर काळी सुरकुती धावत येते. ती होडीला लागायच्या आधी मेनशीट वीतभर सोडायची, लागल्यावर नाही. एकदा होडी कलली की सुकाणू हाताला ओढायला लागतं, आणि ते जोराने धरून ठेवणं म्हणजे चालत्या होडीला ब्रेक लावणं. कनिंगहॅम (शिडाची पुढची कड खाली ताणणारी दोरी) गच्च, आउटहॉल (शिडाचा तळ बूमवर ताणणारी दोरी) ताणलेला, होडी सपाट.

उलटलीच तर सेंटरबोर्डवर, म्हणजे होडीच्या तळातून खाली जाणाऱ्या फळीवर, अगदी टोकाकडे उभं राहायचं. हलक्या मुलीला तेवढाच टेकू मिळतो.

६ वर कधी? वजन ५२-५३ झालं आणि बारा-चौदा नॉटच्या वाऱ्यात ४ वर खालच्या बोयापासून वरच्यापर्यंत होडी सपाट राखता आली की. तोवर वायव्य_वारा म्हणतात तसं सकाळचं चाखणं चालेल, त्याला माझी हरकत नाही.

जुन्या_होड्या

जाहिरातीत ‘लेझर ४.७’ दिसली तर तीच आयएलसीए ४. २०१९ पासून नाव बदललं आहे.

बघताना डोलकाठीच्या खोबणीत काठोकाठ पाणी ओता आणि पंधरा मिनिटं चहा प्या. पातळी उतरली तर पाणी पोटात जातंय, तो सौदा सोडा. मागचं बूच उघडून आत पाणी साठलंय का बघा. डोलकाठीजवळ आणि बसायच्या कडेला अंगठ्याने दाबा, डेक लपलपता कामा नये. शक्य असेल तर वजनकाट्यावर चढवा. साठ किलोच्या बरीच वर गेली तर फोमने पाणी प्यालंय. ६ आणि ७ चा खालचा तुकडा जमिनीवर लोळवून वाकलाय का पाहतात, पण ४ चा मुळातच मागे वाकवलेला असतो. तो वाकडा दिसला म्हणून घाबरू नका. डोलकाठीच्या रिव्हेटभोवती पांढरी पूड धरली असेल तर मात्र किंमत पाडा. पुढेही दर वेळी गोड्या पाण्याने धुवा.

आणि दुसरा विचार: होडी एक, खालचे तुकडे नि शिडं दोन. ४ ची होडी घेतलीत तर पुढे ६ साठी पूर्ण होडी घ्यावी लागत नाही.

चेंबूरची_आई

उशिरा लिहितेय. शनिवारी ती ट्रॉलीवरच्या होडीत तासभर डोळे मिटून बसली. टक् आवाज मी पार्किंगमधूनही ऐकला. दोरीवरची खूण तिने पेनने न करता लाल दोऱ्याची गाठ बांधून केली आहे. ओल्या हातालाही ती लागते म्हणे.

रविवारी दुपारी वारा तसाच होता. तीन शर्यती झाल्या. वरच्या बोयावर एकदाही उलटली नाही. तिसऱ्या शर्यतीत खालच्या बोयावर उलटली, पण ते दुसऱ्याच कारणाने, ते ती स्वतः इथे लिहून विचारणार आहे. दोनापावला_५३, ताटावर परवापासून नेहमीची भाजी-पोळी आहे आणि तिने आपणहून दुसरी पोळी मागितली.

जुन्या होडीची खोबण तपासायला पाण्याची बाटली गाडीत ठेवली आहे. बुधवारी बघायला जातोय.