मदत हवी आहे : लार्किन आणि बंटिंग वाचताना ओळीतला आघात (उच्चारातला जोर) ऐकू येत नाही

नमस्कार,

मी मूळची सांगलीची. पुण्यात इंग्रजी घेऊन एम.ए. केलं आणि आता न्यूकॅसलला राहून आधुनिक ब्रिटिश कवितेवर एक वर्षाचं दुसरं एम.ए. करते आहे. सप्टेंबरात पंधरा हजार शब्दांचा प्रबंध द्यायचा आहे. कवी ठरले आहेत : फिलिप लार्किन आणि बेझिल बंटिंग. लार्किन जन्माने कॉव्हेंट्रीचा, पण १९५५ पासून शेवटपर्यंत हल विद्यापीठाचा ग्रंथपाल. बंटिंग उत्तर इंग्लंडमधल्या नॉर्थम्बर्लंडचा. दोघंही १९८५ सालीच गेले. एक वृत्त आणि यमक सांभाळणारा, दुसरा मुक्त लिहिणारा. जोडी मला मनापासून आवडली आहे.

अडचण अशी की पहिला निबंध परत आला तेव्हा त्यावर शेरा होता : कविता काय सांगते ते नीट मांडलं आहे, ती चालते कशी याबद्दल काहीच नाही. शेरा खरा आहे. पुण्यात आम्ही चळवळी पाठ केल्या. १९५६चं 'न्यू लाइन्स', १९६२चं अल्व्हारेझचं 'द न्यू पोएट्री' ही निवडक कवितांची संकलनं, कोण कोणाच्या विरोधात, हे मी झोपेतही सांगेन. पण वर्गात अख्खी इंग्रजी कविता मोठ्याने म्हटलेली मला आठवत नाही. मर्ढेकर मात्र शाळेत बाईंनी म्हणून दाखवले होते, त्यांचा ताल मला कुणी समजावून सांगावा लागला नाही.

मी काय करून पाहिलं ते सांगते. लार्किनची 'द व्हिट्सन वेडिंग्ज' ही रेल्वेप्रवासाची कविता घेतली. आठ कडवी, प्रत्येकी दहा ओळी. प्रत्येक कडव्यातली दुसरी ओळ अगदी आखूड, चार अक्षरांची (म्हणजे सिलेबलची), बाकीच्या साधारण दहाच्या. पहिल्या कडव्यात हलहून निघायला उशीर झाल्याचं सांगता सांगता ती आखूड ओळ येते आणि गाडी सुटायच्या आधीच सगळं क्षणभर थांबतं. मग गाडी घरांच्या पाठीमागून, मासळीच्या गोदीच्या वासातून, नदीच्या रुंद पात्राकडे निघते आणि ओळीही लांबत एकमेकींत शिरतात. एवढं मला दिसतं. पण दिसतं ते छापील पानावर, कानाला नाही.

मग आपल्या सवयीने ओळींवर लघु-गुरूच्या खुणा केल्या. भुजंगप्रयात सोडवावा तशा. सगळं फसलं. जिथे मी गुरू धरला तिथे आघात नव्हताच. उदाहरणार्थ 'रेकॉर्ड' हा शब्द. नाम असेल तर जोर पहिल्या अक्षरावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर, आणि मी आयुष्यभर दोन्ही सारखेच उच्चारत आले.

बंटिंगच्या 'ब्रिगफ्लॅट्स' या दीर्घकवितेत तर मोजायला ठरलेला साचाच नाही. पहिल्या ओळीत पाच अक्षरं आणि त्यांपैकी चारांवर जोर! हे वर्गात एकीने म्हणून दाखवलं तेव्हा मला कळलं. स्वतःहून कळलं नसतं.

तर प्रश्न दोन. मराठी कानाला इंग्रजी आघात ऐकायची सवय कशी लावायची? आणि ज्याला तो उशिरा ऐकू येतो, त्याने लयीवर प्रबंध लिहावा का, की विषयच बदलावा? मार्गदर्शक बाई चांगल्या आहेत, पण त्यांना जन्मतः जे ऐकू येतं ते मला का येत नाही, हे त्यांना समजावता येत नाही. आपल्यापैकी कुणी या वाटेने गेलं असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद

विषय बदलू नका. मी नागपुरात बावीस वर्षं एम.ए.च्या वर्गाला इंग्रजी कविता शिकवली आणि ही अडचण दरवर्षी समोर बसलेली असायची. माझीही होतीच.

लघु-गुरू आधी पूर्ण बाजूला ठेवा. आपलं वृत्त अक्षर किती वेळ घेतं ते मोजतं, इंग्रजी ओळ जोर कुठे पडतो ते. पेन्सिल घ्या आणि एकाहून जास्त अक्षरांच्या शब्दांवरच खुणा करा. त्यांचा जोर शब्दकोशात दिलेला असतो, अंदाज करायचा नाही. मग नामं आणि क्रियापदं. 'ऑफ', 'द', 'अँड' असे बारीकसारीक शब्द शेवटी, ते बहुधा दबलेलेच असतात. एवढं झाल्यावरच लार्किनच्या दहा अक्षरांच्या ओळीत अपेक्षित पाच आघात भरतात का ते बघा. जिथे भरत नाहीत किंवा जागा बदलतात तिथे थांबा, लिहिण्यासारखं तिथेच सापडतं.

लार्किनने स्वतः वाचलेल्या कवितांची ध्वनिमुद्रणं आहेत. ती नुसती ऐकत बसू नका, त्याच्या मागोमाग म्हणा. पाठांतर करतो तसं, रोज एक कडवं.

बंटिंगसाठी मला जात्यावरची ओवी जवळची वाटते. ओवीची ओळ लहानमोठी होते, पण जात्याचा फेरा तिला धरून ठेवतो. 'ब्रिगफ्लॅट्स'च्या सुरुवातीला पाथरवट चंडोलाच्या किलबिलीवर हातोड्याचा ठेका धरतो, तो तुमचा फेरा समजा.

आणि एक गोष्ट तुम्हाला धीर देईल. कवितेला जोडलेल्या टिपांत बंटिंगनेच लिहून ठेवलंय की दक्षिण इंग्लंडातली माणसं या कवितेतल्या कित्येक ओळींचं संगीत बिघडवतील. म्हणजे लंडनच्या माणसालाही तो कान कमवावाच लागतो. तुम्ही तर न्यूकॅसलमध्ये बसला आहात, १९६५च्या डिसेंबरात मॉर्डन टॉवर या जुन्या बुरुजात त्याने ही कविता पहिल्यांदा वाचली त्याच गावात.

कवी आणि समीक्षक डोनाल्ड डेव्ही नक्की वाचा. यॉर्कशायरमधल्या बार्न्सलीचा, लार्किनच्याच वर्षी, १९२२ साली जन्मलेला. टॉमस हार्डी आणि ब्रिटिश कवितेवरच्या पुस्तकात त्याने लार्किनवर लिहिलं आणि १९८९च्या पुस्तकाच्या नावातच 'ब्रिगफ्लॅट्स' घातलं. तुमच्या दोन कवींमधला पूल तिथे आहे.

मूळ लेखिका

मॅडम, खूप खूप आभार. काल सांगितलंत तसंच केलं. 'व्हिट्सन'च्या शेवटच्या कडव्यात बाणांचा वर्षाव दूर कुठेतरी पाऊस होतो, तिथे जोर कसा हळूहळू हलका होत जातो ते पहिल्यांदाच मला माझ्याच आवाजात ऐकू आलं. वहीत तारीख लिहून ठेवली.

माझ्या घरमालकीणबाई सत्तरीच्या, जन्म इथल्याच टाइन नदीकाठचा. त्यांना 'ब्रिगफ्लॅट्स'चं पहिलं पान वाचायला दिलं. त्यांनी ही कविता आधी कधी वाचली नव्हती, तरी दोन ठिकाणी त्यांचा उच्चार शब्दकोशातल्या खुणेपेक्षा वेगळा पडला आणि ओळ अचानक भरली.

म्हणून आणखी एक विचारते. प्रबंधात आघाताच्या खुणा करताना पुरावा कशाला मानायचा : छापील पानाला आणि शब्दकोशाला, कवीच्या ध्वनिमुद्रणाला, की अशा त्याच मातीतल्या वाचकाच्या आवाजाला? आणि तिघांत फरक पडला तर तळटीप द्यायची की तोच मुख्य मुद्दा करायचा?