धागा: फाल्गुन-चैत्रातला पक्ष्यांचा उत्सव, तुमच्याकडे कसा झाला?

सांगलीत आमची कॉलनी होळीनंतरच्या रविवारी पहाटे सहाला कृष्णेच्या काठावर जमते. स्टेज नाही, हारतुरे नाहीत. पक्षी बघायचे, पोरांनी चित्रं काढायची, मग पोहे. राज्याचा पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबरला असतो, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना धरून, तोही करतो, पण आपल्या घरच्या पक्ष्यांची गाणी, घरटी बघायची तर आत्ताच. लिहा तुमचं पण, दोन ओळी असल्या तरी चालतील.

वाळवा तालुका
आमच्या बांधावर जुनी काटेसावर आहे, फुलली की भोरड्यांचे थवेच्या थवे, नुसता कालवा. यंदा पोरं तिथंच नेली आणि आजोबांना खुर्ची टाकून बसवलं. माहिती सांगायला आलेले सर म्हणाले ही पळसमैना, लांब मध्य आशियाकडनं येते न उन्हाळ्यात परत जाते. मग आजोबा जे सुरू झाले, शाळू भरला की शेतातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, उभं राहून गोफणीनं ह्याच भोरड्या कशा हाकलायचे, टोळ पडले की ह्याच कशा फस्त करायच्या, ऊस यायच्या आधी शिवार कसं होतं, थांबेचनात. शेवटी म्हणले, "जन्मभर हाकलली रं हिला, नीट बघितली आज."

सातारा, अजिंक्यताऱ्याचा पायथा
सोसायटीतल्या शिरीषाची वाळकी फांदी तोडायचं ठरलेलं. फेरीत लेकीला दिसलं की तांबट त्यातच भोक कोरतोय. तो वाळक्या लाकडातच घर करतो ना! मीटिंगमध्ये तिनंच उभं राहून सांगितलं. फांदी राहिली, खाली गाड्या लावायच्या नाहीत म्हणून दोरी बांधली.

खटाव
मायणीच्या तळ्यावर सगळे थंडीत रोहित (फ्लेमिंगो) बघायला येतात. आम्ही उन्हाळ्याच्या तोंडाला माळावर जातो, टिटवीसाठी. अंडी खड्यांत अजिबात कळत नाहीत, म्हणून पोरांना एका रांगेत चालवायचं आणि टिटवी डोक्यावर ओरडायला लागली की गुपचूप मागं फिरायचं. हे पाळाच.

मिरज
आम्ही पक्ष्यांना पाणी ठेवायला मातीचे परळ वाटले. पाणी रोज बदला, मधी एक दगड ठेवा. आणि स्पीकर नको प्लीज, गेल्या वर्षी एकानं लावला न सगळे पक्षी उडाले, पोरं रडकुंडीला आली.

कराड
वाळव्याचे दादा, आजोबा गोफण फिरवताना व्हिडिओ काढलाय का? नसेल तर ह्याच आठवड्यात काढा. माझे आजोबा पण माळा बांधायचे, मी एक फोटोसुद्धा काढून ठेवला नाही.