शब्दचर्चा: ग्रीक भांड्यांवरचे काळे, झिलई की लेप?

प्रश्न: अथेन्सच्या चित्रित भांड्यांबद्दल लिहिताना 'काळी झिलई' बरोबर आहे का? 'ब्लॅक-फिगर', म्हणजे तांबड्या अंगावर काळ्या आकृती असलेल्या भांड्यांना, 'काळी-तांबडी मृद्भांडी' म्हणावे का?

उत्तर: झिलई नको. झिलई म्हणजे चिनी मातीच्या बरणीवर असतो तसा काचेचा थर. इथे बारीक मातीच पाण्यात कालवतात, जड कण तळाशी बसू देतात आणि वरचा निवळ घोळ घेतात. त्याला 'लेप'च म्हणावे.

काळेपणा भट्टीत येतो. आधी हवा खेळती ठेवून सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की सगळे तांबडे होते. मग झरोके बुजवून ओले लाकूड घालायचे आणि ९००च्या पुढे न्यायचे, सगळे काळे. भट्टी उतरताना पुन्हा हवा सोडली की भांड्याचे सच्छिद्र अंग परत तांबडे होते. लेपाचे कण मात्र वितळून एकजीव झालेले असतात, त्यात हवा शिरत नाही, म्हणून तो काळाच राहतो. आच कमी पडली तर लेपही तांबडा होतो. एकात एक रचलेल्या प्याल्यांच्या तळाशी दिसणारी लालसर चकती हा असाच दोष: झाकल्या जागी धूर नीट पोचलेला नसतो.

उत्तर: 'काळी-तांबडी' मुळीच नको. विदर्भातल्या महापाषाणीय (मोठ्या शिळा रचलेल्या प्राचीन) दफनांमधल्या, आतून व काठाला काळ्या आणि बाहेरून तांबड्या भांड्यांसाठी ते नाव आपल्याकडे रूढ आहे. इथे 'काळ्या आकृतींची' आणि 'तांबड्या आकृतींची' म्हणा. पहिल्या प्रकारात आकृती लेपाने भरून आतले तपशील टोकदार हत्याराने कोरतात. दुसऱ्यात, इ.स.पू. ५३०-५२०च्या सुमारापासून, लेप भोवतीच्या जागेला देतात. आकृती भरलेली नसते, सोडलेली असते. तिच्या आतल्या रेषा कुंचल्याने काढतात.

पुरवणी: इंग्रजी 'व्हाज'साठी 'फुलदाणी'ही टाळा. क्रेटर हे मद्यात पाणी मिसळण्याचे भांडे, नावाचा अर्थच तो. हायड्रिया ही पाण्याची घागर, पण तीन कानांची: दोन उचलायला, एक ओतायला.

प्रश्न: भांड्यावरच्या चित्रकाराच्या सहीतल्या 'एग्राप्से'चे भाषांतर 'रंगवले' चालेल?

उत्तर: 'लिहिले' जास्त जवळचे. त्या ग्रीक धातूत ओरखडणे, लिहिणे, चित्र काढणे हे सगळे आहे, आणि आपला 'चित्रलिखित' त्याच वळणाचा. व्हॅटिकनमधल्या एका अँफोरावर, म्हणजे दोन कानांच्या रांजणावर, ट्रॉयच्या युद्धातले वीर आखिलीस आणि आयास फाशांचा डाव मांडून बसलेत. आखिलीसच्या तोंडून अक्षरे निघतात 'तेसारा', म्हणजे चार; आयासच्या तोंडून 'त्रिआ', तीन. भाले हातातच आहेत, अंगरख्यांवरची नक्षी सुईसारख्या टोकाने कोरलेली. काठावरच्या सहीत भांडेच बोलते: एक्सेकियासने मला लिहिले आणि घडवले.