दिवाळी, दोन लहान मुलं आणि ‘थँक्यू म्हण’ची कवायत (इंदूर)

सुदामानगरी
मुलगी साडेसहा वर्षांची, मुलगा तीनचा. दिवाळीला पुण्याहून आजी-आजोबा आणि भोपाळहून मामा-मामी येणार आहेत. म्हणजे भेटवस्तूंचा ढीग, आणि दर पाहुण्यापुढे ‘थँक्यू म्हण, पाया पड’. मुलांनी मजा करावी, पण मिळालेल्या गोष्टीमागे कोणीतरी माणूस आहे एवढं त्यांच्या डोक्यात शिरावं, इतकीच अपेक्षा आहे. प्रश्न असे:

रोज रात्री पाच चांगल्या गोष्टी लिहायच्या, ही डायरी या वयात चालते का? फराळात मुलांना खरंखुरं काम काय देता येईल? (लुटुपुटूचं नको, मुलीला लगेच कळतं.) फ्लॅटच्या बाल्कनीत किल्ला करायचा आहे, पण माती वाळली की भेगा पडतात, त्याला उपाय? आणि तीन वर्षांच्या मुलाला फटाक्यांपासून किती लांब ठेवायचं?

रामबाग_बालवाडी
डायरीचं आधी. हा प्रकार गाजला तो एमन्स आणि मॅक्‌कलो या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ सालच्या प्रयोगांमुळे. त्यात होते कॉलेजचे विद्यार्थी आणि मज्जा-स्नायूंचे आजार असलेले प्रौढ. तीन वर्षांचं मूल नव्हतं. समोरच्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं, हेच मुलांना चार-पाचच्या सुमारास कळायला लागतं. ‘मामाने माझ्यासाठी मुद्दाम आणलं’ यातला ‘मुद्दाम’ तुमच्या मुलाला अजून दिसतच नाही. त्याच्याकडून थँक्यू वदवून घेणं म्हणजे पाठांतर. ते करू नये असं नाही, पण त्याला कृतज्ञता समजू नका.

मुलीचं मात्र वय झालंय. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात अँड्रिया हुसाँग यांच्या गटाने मुलांमधल्या कृतज्ञतेवर काम केलं आहे. त्यांच्या मांडणीत चार गोष्टी येतात: लक्षात येणं, विचार, भावना आणि कृती. आपल्या भाषेत विचारायचं तर, ‘काय मिळालं?’, ‘त्यांनी का दिलं असेल?’, ‘तुला कसं वाटलं?’, ‘आता तुला काय करावंसं वाटतं?’ आपण बहुतेक जण पहिलं आणि चौथं विचारतो, मधली दोन गाळतो. खरं काम दुसऱ्या प्रश्नात आहे. आणि चारही एका दमात विचारू नका, तोंडी परीक्षा होते. एका वस्तूला एक प्रश्न, तोही पाहुणे गेल्यावर, भांडी आवरताना किंवा झोपताना.

आता आपल्या सणाकडे बघा. वसुबारसेला गाय-वासरू, धनत्रयोदशीला धन्वंतरी, लक्ष्मीपूजनाला वह्या आणि केरसुणी, पाडवा-भाऊबीजेला घरची माणसं. रोज एक ठरलेला मानकरी आहेच, वेगळा उपक्रम शोधायला नको. लक्ष्मीपूजनाला मुलीकडून तिच्या उपयोगाची एक वस्तू पाटावर ठेवून घ्या, दप्तर म्हणा, सायकलची किल्ली म्हणा. ‘ही नसती तर?’ एवढं विचारा. मुलाला फक्त हळद-कुंकवाचं बोट लावू द्या. त्याला तेवढंच पुरतं.

वसुबारसेला गोशाळेत जाणार असाल तर आधी फोन करून विचारा की काय चालतं. सणाला लोक पोळ्या, गूळ, भिजवलेली डाळ ढीगभर आणतात. धान्य-पीठ एकदम जास्त पोटात गेलं की गाईच्या पोटात आम्ल वाढतं, पोट फुगतं, जीवावरही बेतू शकतं. हिरवा चारा न्या.

भेटवस्तूंचं आधीच फोनवर सांगून टाका: दोघांत मिळून एक खेळ चालेल. तरी ढीग येणारच. मग दिवसाला एकच उघडायची, बाकी कपाटात. सगळी एकत्र उघडली की कोणती कोणी दिली हे मुलांना आठवत नाही, आणि न आठवणाऱ्या माणसाबद्दल काय वाटणार?

झोपेचं गणितही मांडा. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाची डुलकी धरून दहा ते तेरा तास लागतात, सहाच्या पुढे नऊ ते बारा. अभ्यंगस्नानाला साडेचारला उठवायचा हट्ट असेल तर आदल्या रात्री साडेसातला झोपवावं लागेल, ते होत नाही. त्या दिवसांत इंदुरात सूर्योदय साडेसहाच्या आसपास असतो. सहाला उठवलं तरी पहिली अंघोळ सूर्योदयाच्या आत होते. उटणं मलमलच्या कापडातून गाळून घ्या, जाडसर कण लहान कातडीला ओरखडतात. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघा. तीन वर्षांच्या मुलाला मसुराचं पीठ आणि दूध एवढंच बरं. तेल लावलेलं मूल न्हाणीघरात हमखास घसरतं, पाटाखाली ओलं फडकं अंथरा.

कातणं
फराळात मुलांसाठी सगळ्यांत चांगली शंकरपाळी. चकली त्यांच्या हाताला जड जाते, अनारसे मोठ्यांनाही दाद देत नाहीत.

एक वाटी दूध, एक वाटी साखर, पाऊण वाटी तूप. साखर पूर्ण विरघळेपर्यंत गरम करायचं, उकळायचं नाही. कोमट झालं की मावेल तेवढा मैदा, साधारण साडेचार ते पाच वाट्या. चिमूटभर मीठ. झाकून अर्धा तास. साखरेचे कण राहिले तर तळताना ते जळून काळे ठिपके पडतात. तूप एक वाटीच्या पुढे गेलं तर शंकरपाळी तेलात फसफसून विरघळते. पहिल्या घाण्यात दोनच तुकडे टाकून बघा. सुटायला लागले तर मूठभर मैदा आणखी मळून घ्या.

मुलाचं काम: मोजलेली साखर ओतणं आणि कापलेले तुकडे ताटात सुटे मांडणं. मुलीचं: लाटणं आणि कातण्याने कापणं. जाडी अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास. पातळ झाली तर कडक होते, जाड झाली तर आतून कच्ची. आकार वेडेवाकडे येतील, येऊ द्या, पण एका घाण्यात सारख्या जाडीचेच टाका. तळण मंद आचेवर, कढई मागच्या शेगडीवर, आणि मुलं स्वयंपाकघराच्या दाराबाहेर. या एका बाबतीत लाड नाहीत.

चिवड्यात सावध. अख्खे शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप पाच वर्षांखालच्या मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतात. फोडणीत मिरची, दाणे आणि खोबरं घालण्याआधी त्याचा वाटा बाजूला काढा. आपल्याकडे चिवड्यात लवंगेची तिखट सेव मिसळायची सवय आहे, त्याच्या वाट्यात साधी फिकी सेव.

आणि मग डबे. कोणाचे, ते मुलीला ठरवू द्या, पण प्रश्न नेमका विचारा: ‘सकाळी उठल्यापासून शाळेत पोचेपर्यंत आपलं काम कोण कोण करतं?’ दूधवाले भैया, व्हॅनचे काका, कामाच्या मावशी, चौकीदार, कचरागाडीवरचे दोघे, अशी सहा-सात नावं निघतात. नावं खरोखर विचारून घ्या. ‘व्हॅनवाले काका’ असं डब्यावर लिहायचं नाही. डब्यात पाव किलो फराळ पुरे, पण लाडू आणि चिवडा वेगळ्या पिशव्यांत. लाडवाच्या ओलाव्याने चिवडा दुसऱ्या दिवशी मऊ पडतो.

डबे वसुबारसेला किंवा फार तर धनत्रयोदशीला द्या. लक्ष्मीपूजनापर्यंत बरेच जण गावी गेलेले असतात. भाऊबीजेनंतर दिलेला डबा म्हणजे उरलेलं, आणि ते घेणाऱ्याला बरोबर कळतं. बक्षिशीचं पाकीट वेगळं, ते मोठ्यांनी द्यायचं. फराळ हा पैशाचा पर्याय नाही.

सुदामानगरी
छान, यादी करायला बसतो. दोन अडचणी. कचरागाडी सकाळी येते आणि मिनिटभरही थांबत नाही. आणि मुलगा अनोळखी माणूस दिसला की पायामागे लपतो, तो डबा काय देणार?

पिवळी_माती
वरच्यांची उत्तरं येतील, तोवर किल्ल्याचं. भेगा पडणारच, कारण आपली माळव्याची काळी माती. ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते. घोटून गुळगुळीत केलीत तर भेगा आणखी मोठ्या. दोन भाग काळ्या मातीला एक भाग वाळू आणि दोन मुठी गव्हाचा भुसा मिसळा, भुसा माती धरून ठेवतो. पिवळी माती मिळाली तर काळी निम्मीच घ्या. लेप एकदम जाड नको. बोटभर जाडीचा पहिला थर, तो अर्धवट सुकला की दुसरा. पूर्ण वाळू दिला तर वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो.

बाल्कनीत सगळा डोंगर मातीचा करू नका, वजन होतं. आत विटा आणि उलटे ठेवलेले खोके, वर जुनं गोणपाट मातीच्या पातळ काल्यात बुडवून पांघरायचं, मग लेप. खाली जाड प्लास्टिक, कडा वर दुमडलेल्या. बाल्कनीच्या मोरीच्या जाळीवर गोणपाटाचा तुकडा ठेवा. माती पाइपात गेली तर खालच्या मजल्यावरचे दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला येणार नाहीत.

हिरवळीसाठी अळीव. वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेरा. भिजवू नका, भिजला की बुळबुळीत होऊन गोळे होतात. ओल्या मातीवर कोरडाच भुरभुरायचा आणि दिवसातून दोन-तीनदा फवाऱ्याने पाणी. झारीने घातलं तर बी वाहून पायथ्याशी जमतं आणि डोंगर टकला राहतो. मोहरी पेरायची तर ती मात्र रात्रभर भिजवून. फवारणीचं काम तीन वर्षांच्या मुलाचं, त्याला ते कितीही वेळा करायला आवडतं. बुरूज आणि पायऱ्या मुलीच्या. तुम्ही हात लावायचा तो फक्त विटांना.

रामबाग_बालवाडी
लपू द्या. डबा तुमच्या हातात आणि त्याचा एक हात डब्यावर, तेवढं पुष्कळ. तेही नको असेल तर डब्यावरची टिकली त्याने चिकटवलेली असू दे. ‘बघा किती लाजतो’ असं त्या माणसासमोर बोलू नका. फोटो काढू नका. आणि ‘बघ, त्यांच्याकडे किती कमी आहे’ हे वाक्य तर अजिबात नको. त्यातून कीव शिकतात. कृतज्ञतेत समोरचा आपल्याला काहीतरी देणारा असतो, ही बाजू उलटू देऊ नका.

वॉर्ड_सफाई
कचरागाडीचं. आदल्या दिवशी सांगून ठेवा, ‘उद्या दोन मिनिटं’. आणि डबे बादली रिकामी करायच्या आधी द्या, हात स्वच्छ ठेवून. त्या माणसाच्या हातात मोजे असतात, म्हणून डबा हँडलच्या पिशवीत, अडकवता येईल असा.

पण खरं सांगू? गाडीवरच्यांना डब्याइतकाच उपयोग नीट वेगळ्या केलेल्या कचऱ्याचा होतो. आपल्याकडे ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक आणि ई-कचरा असे सहा भाग आहेत. शहर २०१७ ते २०२३ देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात सलग पहिलं आलं ते याच हातांवर. दिवाळीच्या आठवड्यात नेमका सगळा घोळ होतो: मिठाईच्या खोक्यात उरलेली बर्फी, पणत्यांचे तुकडे, फुलांत गुंडाळलेलं प्लास्टिक. मुलीला दिवाळीपुरतं हे खातं द्या. खोकं पुसून सुक्यात, झेंडूची फुलं दोरा काढून ओल्यात, बंद पडलेली दिव्यांची माळ ई-कचऱ्यात. फुटलेली काच मोठ्यांनी जाड कागदात गुंडाळून वर ‘काच’ लिहायचं. ते लिहायचं काम तिचं. का लिहायचं, ते विचारा. उत्तर ती स्वतः देईल.

भुईचक्र
फटाक्यांवर कोणी लिहिलं नाही म्हणून. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात फुलबाजीसुद्धा नाही. तिची ठिणगी थंड वाटते, पण जळती तार हजार अंशांच्या आसपास तापलेली असते आणि विझल्यावरही बराच वेळ चटका देते. त्याला कडेवर घेऊन गॅलरीतून दाखवा, आवाजाच्या फटाक्यांपासून दूर. साडेसहा वर्षांच्या मुलीला एका वेळी एकच फुलबाजी, हात सरळ पुढे, शेजारी मोठा माणूस. दोन फुलबाज्या एकमेकींवर पेटवायचा खेळ नको, चेहरे जवळ येतात.

सुती, अंगाबरोबरचे कपडे, बंद बूट. नायलॉनचा घागरा आणि ओढणी पूजेपुरती, खाली उतरण्याआधी बदलायची. झाड (अनार) पेटलं नाही तर वाकून बघायचं नाही. वीस मिनिटं तसंच सोडायचं आणि मग लांबून पाणी ओतायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीला रात्री ८ ते १० ही वेळ ठरवली आणि लडींवर बंदी घातली. तेवढ्या वेळातच उरका, मुलांच्या झोपेलाही तेच बरं. त्या वर्षीचा कलेक्टरांचा आदेश वेगळा असू शकतो, तो बघून घ्या.

भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या नळाखाली साधं थंड पाणी. बर्फ, टूथपेस्ट, तूप काही नाही. अंगठी किंवा बांगडी असेल तर सूज यायच्या आत काढा. चेहरा, हाताचा तळवा किंवा सांधा भाजला असेल, किंवा फोड मुलाच्या तळहातापेक्षा मोठा असेल, तर थेट दवाखाना.

दोन बादल्या ठेवा, एक वाळूची, एक पाण्याची. जळालेली प्रत्येक तार पाण्याच्या बादलीत टाकायची, हे मुलीचं काम. सकाळी तारा मोठ्यांनी काढून एकत्र बांधायच्या आणि गाडीवाल्याला वेगळ्या द्यायच्या. रस्त्यावर राहिल्या तर झाडणाऱ्या बाईंच्या पायात जातात.