एल.डी. (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे वाचन-लेखन-गणित शिकण्यातली अडचण) सर्टिफिकेट आणि दहावीची सवलत : तुमचे अनुभव लिहा

कोकम_आगळ
काल माळा आवरताना लेकीची तिसरीतली गणिताची वही सापडली. १३ च्या जागी ३१, आणि खाली लाल पेनाने 'लक्ष नाही'. पुढे दहावीला तिला रायटर (ती सांगेल ते पेपरात लिहिणारा) आणि तासाला वीस मिनिटं जादा मिळाली, पण तोवर आमची जी वरात निघाली! आता शेजारणीच्या मुलाचं तेच सुरू आहे आणि सासूबाई म्हणतात, शिक्का बसेल. लिहा गं, तिला वाचायला देते.

स्लो_लोकल
सर्टिफिकेटसाठी आधी डोळे, कान तपासतात. मग आयक्यू, मग लेखन-वाचन-गणिताची चाचणी. प्रत्येकाची तारीख वेगळी, आम्ही विरारहून. केसपेपरच्या झेरॉक्स काढून ठेवा. बाकी नंतर, कुकर झाला.

बाराखडी
शाळा चौथीपासून 'क्लास लावा' एवढंच म्हणत होती. सर्टिफिकेट आलं तेव्हा नववी संपत आलेली. त्यावर भागत नाही हे तेव्हा कळलं, बोर्डाकडे प्रस्ताव शाळेतूनच जातो. पाठी लागा.
आणि रायटर खालच्या इयत्तेतला लागतो. बिल्डिंगमधली नववीतली मुलगी तयार झाली. पहिल्या सरावाला चिरंजीव म्हणाले, "ते हे झालं ना, ते लिही." ती पेन धरून बसलेली! तोंडी उत्तर सांगायची सवय वेगळी करून घ्यावी लागते हो, महिनाभर रोज एक उत्तर.

काका_गिरगाव
आमच्या वेळी नव्हतं असलं काही.

पिठलं_भात
होतं की काका. माझा भाऊ सातवीतून घरी बसला. आज गॅरेज चालवतो, कुठलंही इंजिन खोलतो, पण मेसेज मात्र व्हॉइस नोटच. आपल्याकडे दहावीला सवलत १९९६ पासून आहे, त्याची दहावी त्याआधीची.

काका_गिरगाव
बरं. गॅरेज कुठे? माझी स्कूटर धूर सोडते.

मोगरा७
भाचीने बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित आणि कार्यानुभव घेतला. सुटली बिचारी. पण पुढे सायन्सला जायचं असेल तर हे घेण्याआधी दहादा विचारून घ्या. आणि शिक्क्याचं म्हणाल तर २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातही एल.डी. आहे, कोणी उपकार करत नाही. सासूबाईंना सांगा.

कोकम_आगळ
तूच सांग ना, नंबर देऊ?

मोगरा७
नको गं बाई, माझ्या मला पुरेत.

बाराखडी
चाचणीला पोराला उपाशी नेऊ नका. तास न् तास जातात, मग कंटाळून काहीही लिहितात.

स्लो_लोकल
चाचणीचा नंबर सायन हॉस्पिटलला असेल तर आधी माटुंग्याला उतरा. इडली.

पिठलं_भात
बसून खा पण. पार्सलचं सांबार आमच्या फाइलीत सांडलं होतं, आयक्यूच्या रिपोर्टवर अजून डाग आहे.