फ्रॅटमधलं एक सेमिस्टर: काय कमावलं, काय गमावलं?

मुलगा यंदा अमेरिकेत कॉलेजला गेला. महिनाभरात फोनवर म्हणाला, "बाबा, मी रश करतोय." मला वाटलं, घाईत आहे, म्हणून फोन ठेवला. मग कळलं की रश म्हणजे फ्रॅटर्निटीत (फ्रॅट, कॉलेजातल्या मुलांचं बंधुमंडळ) शिरण्यासाठीच्या भेटीगाठी, आणि त्यांनी होकार दिला की तो 'बिड'. १७७६ साली विल्यम अँड मेरी कॉलेजात फाय बीटा कॅपा ही संघटना निघाली, तेव्हापासूनची ही ग्रीक अक्षरांच्या नावांची परंपरा म्हणे. इथे कुणी यातून गेलंय का? पार्ट्यांचं नको, एखाद्या सेमिस्टरचा खरा जमाखर्च सांगा.

*

मी टेक्सासला शिकलो, मूळचा सातारचा. देशी मुलांच्या फ्रॅटही आहेत. आयोटा न्यू डेल्टा १९९४ साली बिंगहॅम्टनला सुरू झाली, डेल्टा एप्सिलॉन साय १९९८ साली ऑस्टिनला. माझी कुठली ते विचारू नका.

मी खजिनदार होतो. त्या फॉलमध्ये (पहिल्या सेमिस्टरला) अकरा बिड दिले, सात जण आले, शेवटपर्यंत चार टिकले. गरबा नाइटला समोसे विकून डायबिटीससाठी अठराशे डॉलर जमवले. समोसे आम्हीच तळले. दोन आठवडे माझ्या जॅकेटला तेलाचा वास होता. दिवाळीला एका शहाण्याने हॉलमध्ये फुलबाजी पेटवली, फायर अलार्म वाजला आणि डिपॉझिट गेलं. फ्रॅटच्या मुख्य कार्यालयाला विम्याचे पैसे भरायचे होते आणि तिघांनी ड्यूज थकवले होते. मित्राच्या मागे पैशासाठी लागणं काय असतं, ते गणपती मंडळाची वर्गणी गोळा केलेल्यांना सांगायला नको.

हे सगळं हिशेबाच्या वहीत आहे. वहीत नाही ते असं: माझा रूममेटही प्लेज, म्हणजे अजून पक्का न झालेला उमेदवार, होता. त्याला ठेवायचं की नाही यावर मतदान झालं. मी हात वर केला नाही. काढा म्हणूनही नाही, ठेवा म्हणूनही नाही. तो गेला. खोली मात्र मेपर्यंत एकच होती.

*

आमचं यश: चॅप्टरचा (फ्रॅटच्या आमच्या कॉलेजातल्या शाखेचा) सरासरी जीपीए, म्हणजे चारपैकी गुण, २.९ वरून ३.२ वर गेला, चषकही मिळाला. कारण: नापास होणारे दोघे सोडून गेले.

*

मी मुलगा नाही, तरी लिहिते. अल्फा फाय ओमेगा ही सेवाकार्याची फ्रॅटर्निटी, १९२५ साली लाफायेट कॉलेजात स्थापन झालेली. त्यात मुलीही असतात आणि सगळ्यांनाच 'ब्रदर' म्हणतात. नागपूरला आजीला सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे राखी कुणी कुणाला बांधायची?" शनिवारी पहाटे फूड बँकेत बटाटे निवडायचे, हे आमचं वैभव. सॉफ्टबॉलच्या पहिल्याच मॅचमध्ये मी चेंडू टोलवला आणि क्रिकेटच्या सवयीने बॅट घेऊनच धावले. हरलो, पण नाव पडलं.

*

मी डोंबिवलीची, एका मुलाची आई. त्याच्या फ्रॅटचं नाव लिहीत नाही. दुसऱ्या सेमिस्टरला तो तीन दिवस फोनवर नव्हता. चौथ्या दिवशी आवाज बसलेला. म्हणाला, "आई, सगळ्यांनाच करावं लागतं." नेमकं काय करावं लागलं, ते आजवर सांगितलेलं नाही. आपल्याकडे रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, पण हा शब्द मला त्या दिवशी सुचलाच नाही. तिकडे त्याला हेझिंग म्हणतात. दुसऱ्या कुणीतरी तक्रार केली, चॅप्टर बंद झाला, आणि ऐन परीक्षेत ह्याला फ्रॅटचं घर सोडून मित्राच्या सोफ्यावर झोपावं लागलं. तक्रार करणाऱ्यावर तो चिडला होता. मी मनातल्या मनात त्या पोराला दुवा दिला.

डिसेंबर २०२४ मध्ये तिकडे केंद्रीय कायदा झालाय. कोणत्या संघटनेवर हेझिंगचा ठपका आला, ते कॉलेजला जाहीर करावं लागतं. मुलाच्या कॉलेजच्या साइटवर आधी ते बघा, बिडचं नंतर.

*

धागाकर्ता परत. ताई, साइट बघितली. यादीत दोन नावं आहेत, त्याचं तिसरंच. काल त्याला बिड आला. फी किती, विचारलं, तर म्हणाला, "ड्यूज म्हणतात, बाबा." तुमचा अनुभव त्याला व्हॉट्सॲपवर पाठवलाय. ब्लू टिक दिसतेय, उत्तर नाही.